मधलं दार

रेघ कोपऱ्यात मिळाली नाही की आमचं कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे काढायचं सॉफ्टवेअर, लाल गोळे दाखवतं. खोलीत रंग भरायला जावं तर रंग भरला जात नाही, आणि जिथे रेघांची टोकं एकमेकांना भिडलेली नाहीत तिथे बारके लाल गोळे उमटतात. मग झूम करत आत शिरायचं. बाहेरून बघितलं तर कोपरा चांगला काटकोनात मिळालेला दिसतो. आत आत गेलं की कळतं, दोन रेघा केसभर अंतर ठेवून उभ्या आहेत, भांडण झालेल्या जावांसारख्या. बाह्यरेषा बंद नसेल तर खोलीचं क्षेत्रफळ निघत नाही, आणि क्षेत्रफळ निघत नसेल तर आमच्या धंद्यात त्या खोलीला काडीची किंमत नसते.

गेली कित्येक वर्षं मी हेच करते आहे. दादरला हिंदमाताजवळ, साड्यांच्या दुकानांच्या वर, एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी ड्राफ्ट्समन आहे. बाई असले तरी कार्डावर ड्राफ्ट्समनच छापलंय, आणि ते बदलून घ्यायचा मला कंटाळा आहे. दुसऱ्यांनी घाईत काढलेले नकाशे शेवटी माझ्या टेबलावर येतात, कारण फटी शोधाव्या तर ताईंनीच, असं ऑफिसात सगळ्यांचं मत आहे. हे कौतुक आहे असं मी समजत नाही. घरात मोरी घासायला एकीचाच हात सगळ्यांना बरा वाटतो, त्यातलाच हा प्रकार.

फटी राहतात त्या आळसाने. कोणी कोपरा नेमका पकडत नाही, अंदाजाने क्लिक करून मोकळा होतो. कोणी दुसऱ्या नकाशातला तुकडा उचलून आणून चिकटवतो. आणि चूक दाखवली की फटीवर एक बारकी रेघ मारून ठिगळ लावतो. ठिगळाने रंग भरला जातो, पण उद्या भिंत हलवली की ते ठिगळ हवेत लटकत राहतं. मी ठिगळ लावत नाही. दोन्ही रेघा त्यांच्या त्यांच्या दिशेने वाढवून कोपऱ्यात आणून मिळवते. शाईने बोर्डावर काढायला शिकलो तेव्हा आमचे मास्तर सांगायचे, कोपऱ्यात रेघ थोडी पुढे गेली तरी चालेल, अलीकडे थांबली तर ते घर नाही. तेव्हा वाटायचं, म्हातारा उगाच पिरपिर करतो.

आणखी एक चोरवाट आहे. एवढी एवढी फट दिसली तर तिच्याकडे दुर्लक्ष कर, असं कॅडला सांगून ठेवता येतं. साहेबांना ही सोय फार आवडते. "ताई, टॉलरन्स वाढवा ना, कशाला डोळे फोडून घेताय?" असं ते आठवड्यातून एकदा तरी म्हणतात. मी वाढवत नाही. घरात, सासरी-माहेरी, इतका कानाडोळा करून झालाय की निदान पगाराच्या कामात तरी तो नको वाटतो.

माझं माहेर लालबागचं. चाळीत शेजारी शेजारी दोन खोल्या, एक वडिलांची आणि एक काकांची. दोघे भाऊ एकाच गिरणीत होते. भाडेपावती मात्र दोन्ही खोल्यांची मिळून आजोबांच्या नावाने फाडली जायची, आणि ती तशीच चालत आली. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. काका अचानक गेले तेव्हा मी शाळेत जायला लागले होते. काकूला मूलबाळ नव्हतं. ऐन उमेदीतली बाई, खोलीत एकटी. तिचं रडणं भिंतीतून ऐकू यायचं, आणि आईला ते ऐकवेना. आई वडिलांच्या मागे लागली, मधली भिंत फोडा.

वडील म्हणाले, मालक बोंबलेल. आई म्हणाली, बोंबलू दे, मी बघते त्याच्याकडे. माझी आई उंचीला एवढीशी होती, पण मालकाचा मेहता तिच्या वाऱ्याला उभा राहत नसे. वडिलांनी खात्यातले दोन दोस्त बोलावले आणि पहारीने भिंत फोडली. माणूस सरळ चालत जाईल एवढी जागा झाली. वर एक लोखंडी पट्टी बसवली, कडा सिमेंटने लिंपल्या. डावी कड वाकडी राहिली ती शेवटपर्यंत वाकडीच होती. दार बसवायचं का, असं एका दोस्ताने विचारलं तर आई त्याच्यावरच उखडली. "दार कशाला? ती काय परकी हा?"

त्या वाकड्या जागेतून मी मोठी झाले. आई लोकांच्या पोळ्या लाटायला जायची, आम्हा दोघा भावंडांचं सगळं काकू बघायची. आमच्या खोलीत भाऊ आणि त्याचे मित्र कॅरम कुटत बसत, म्हणून मी डिप्लोमाचा ड्रॉइंग बोर्ड काकूच्या खोलीत मांडायचे. बोर्डाला उतार हवा म्हणून ती त्याच्या मागच्या कडेखाली तांदळाचा डबा सरकवून द्यायची. तांदूळ काढायचे असले तर माझी रेघ पुरी होईपर्यंत थांबायची. काय काढतेस असं तिने कधी विचारलं नाही. फक्त एकदा म्हणाली, "ह्या सगळ्यात माणसा खय रवतत गो?" नकाशात माणसं राहतात कुठे, हा प्रश्न ऐकून मी हसले होते.

वडील गेले, मग आई गेली. माझं लग्न होऊन मी गिरगावात आले होते. भावाचं लग्न झालं आणि वहिनीबरोबर एक लोखंडी कपाट आलं, आरसा लावलेलं, दोन पल्ल्यांचं. भावाच्या खोलीत ते मावेना. चार दिवस काकूकडे ठेवू, असं म्हणून ते तिच्या खोलीत नेलं, आणि तिथे ते मावण्यासारखी एकच जागा होती, गॅलरीत उघडणाऱ्या दाराला टेकून. म्हणजे काकूचं स्वतःचं दार कपाटाच्या पाठीमागे गेलं. ते चार दिवस काही सरले नाहीत.

तेव्हापासून काकू जायची-यायची ती मधल्या जागेतून, भावाच्या खोलीतून. पहिली दोन-तीन वर्षं त्यात काही विशेष वाटलं नाही. मग हळूहळू वाटायला लागलं. चपला हातात घेऊन जाणं आलं. सकाळी ती दोघं झोपलेली असली तर पाय न वाजवता जाणं आलं. वहिनीच्या माहेरची माणसं आली की काकू आतच बसून राहायची, पाहुण्यांच्या मधून हातात डबा घेऊन गॅलरीच्या टोकाच्या संडासाकडे कसं जायचं म्हणून. ती पाणी कमी प्यायला लागली. हे मला तिने सांगितलं नाही, शेजारणीने सांगितलं. मी भावाला बोलले, त्या वेळीच बोलले, एकदा नाही दहादा बोलले. तो म्हणायचा, "अगं, कपाट हलवून ठेवू कुठे, डोक्यावर?" वहिनी म्हणायची, "काकूंनाच सवय झालीय आता." सवय झाली हे खरंच होतं. त्याचा मला जास्त संताप यायचा.

मग आमची चाळ पाडून टॉवर बांधायचं ठरलं. बिल्डरने नकाशांचं काम ज्या आर्किटेक्टला दिलं ते आमचेच साहेब निघाले. मी त्यांना सांगितलं, साहेब, हे माझं माहेर आहे. ते म्हणाले, "उत्तम. मग मापं तरी नीट येतील." मोजणीवाले जाऊन प्रत्येक खोली मोजून आले, आणि त्यांनी काढलेला चाळीचा नकाशा नेहमीप्रमाणे फटी शोधायला माझ्याकडे आला. इथे फट म्हणजे नुसती फट नव्हती. जी खोली नकाशात स्वतंत्र बंद दिसेल तिला नव्या इमारतीत स्वतंत्र घर. जी दिसणार नाही तिला नाही.

मी एकेक मजला करत आले. आमच्या मजल्यावर पोचले तेव्हा जेवणाची सुट्टी होती आणि ऑफिसात कोणी नव्हतं, ते बरं झालं. मी काकूच्या खोलीत रंग टाकला. लाल गोळे आले नाहीत. रंग भरला गेला, पण तो तिच्या खोलीत थांबला नाही. आईने फोडलेल्या जागेतून वाहत भावाच्या खोलीत गेला आणि दोन्ही खोल्या मिळून एकच पिवळा तुकडा झाला. त्यावर एकच नंबर पडला होता, भावाच्या नावापुढचा. आणि गॅलरीच्या बाजूला, जिथे काकूचं दार होतं, तिथे मोजणीवाल्यांनी सरळ भिंत काढली होती. त्यांचं चुकलं असं तरी कसं म्हणू? आतून मोजताना त्यांना तिथे कपाट दिसलं.

त्या उघड्या जागेवर एक रेघ मारणं मला काही कठीण नव्हतं. मारली असती तर दोन खोल्या झाल्या असत्या, आणि त्यातली एक चारी बाजूंनी बंद, दारच नसलेली. असला नकाशा आमच्या ऑफिसातल्या शिपायानेही परत पाठवला असता. मी साहेबांना जाऊन विचारलं. ते चहा पीत होते. "नकाशा जागेशी जुळायला पाहिजे, ताई. जागेवर चौकट आणि पल्ला असेल तर आपण रेघ दारातून आरपार नेतोच, खोली बंद धरतो. नुसतं भगदाड असेल तर ती एकच खोली. तुम्हाला मी काय शिकवणार? तुमच्या भावाला सांगा, दार बसवून घ्या, गॅलरीकडचं मोकळं करा, पुन्हा मोजायला माणूस पाठवतो." भगदाड हा शब्द मला लागला. पण ते खोटं बोलत नव्हते.

रविवारी मी लालबागला गेले. भाऊ लादीवर आडवा पडून मोबाईल बघत होता, वहिनी कपडे घड्या करत होती, आणि काकू मधल्या जागेत, अर्धी इकडे अर्धी तिकडे, सुके बोंबील साफ करत बसली होती. मी सरळ विषय काढला. भावाला सगळं माहीत होतं. मोजणीवाल्यांना एकच खोली लिहा असं त्यानेच सांगितलं होतं.

"अगं, एकच मोठा फ्लॅट येतोय, टू बीएचके," तो म्हणाला. "दोन-दोन खुराडी घेऊन काय करायचंय? काकूला आतली रूम देणारच आहे ना मी."

"आतली म्हणजे?"

"आतली म्हणजे आतली. काय आता नकाशा काढून दाखवू?"

"नकाशा मीच काढतेय," मी म्हटलं.

काकूने बोंबलाचं डोकं मोडलं आणि मान वर न करता म्हणाली, "माका माजा दार व्हया."

मी तिला जन्मापासून ओळखते, काही हवं असं तिने म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. वहिनीने हातातली घडी खाली ठेवली. "म्हणजे आम्ही काय तुम्हाला कोंडून ठेवलंय का, काकू?"

"तसा नाय गो. भायर जाताना कोणाच्या अंगावरसून जाऊचा नको, इतक्याच."

मी म्हटलं, ही जागा विटांनी बुजवून टाकू, म्हणजे प्रश्नच मिटला. तर काकू माझ्यावरच वैतागली. "बुजवतस काय? तुज्या आवशीन फोडल्यान ती. दार बसव. दार आसला म्हणजे उघडता येता." मग परत बोंबलांकडे वळली. तिला दोन्ही हवं होतं, स्वतःचं दार आणि ही वाट. आणि नकाशाच्या नियमात ते दोन्ही बसत होतं. वाकड्या जागेत चौकट, चौकटीत पल्ला, एवढंच करायचं होतं.

भाऊ उठून बसला. आता त्याचं घोडं कुठे अडलंय ते बाहेर आलं. वडिलांच्या खोलीवर माझाही हिस्सा होता, आणि त्याने माझ्याकडे हक्कसोड मागितली होती. मी आज करते उद्या करते म्हणत होते. हिस्सा मला हवा होता अशातला भाग नाही, पण मागण्याची त्याची तऱ्हा मला आवडली नव्हती. तो म्हणाला, "तू आधी सही कर. मग काकूची खोली वेगळी करतो, कपाट हलवतो, दार बसवतो, सगळं करतो."

मी सही केली. नवरा म्हणाला, वेडी आहेस का? सासूबाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. माझा माहेरचा हक्क गेला त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही, आता वाटतं. तेव्हा वाटलं होतं की निदान एक गोष्ट तरी सरळ करून घेतली.

सुतार आला त्या दिवशी मी रजा टाकली. आधी कपाट ओढून भावाच्या खोलीत कसंबसं कोंबलं. त्याच्या मागे काकूचं दार होतं, आणि दाराच्या खिळ्याला कपाट आलं त्या वर्षीचं कॅलेंडर तसंच लटकत होतं. कडी गंजून घट्ट बसली होती. सुताराने तेल सोडलं, खांद्याने दोन धक्के दिले, आणि दार गॅलरीत उघडलं. काकू बाहेर जाऊन उभी राहिली. समोरच्या बिऱ्हाडातली बाई म्हणाली, "अगो बाय, ह्या दारातून तुका बघून किती वर्सा झाली!" काकू नुसती हसली आणि पुन्हा आत आली, पुन्हा बाहेर गेली. मला हसू पण आलं आणि डोळे पण भरून आले.

मधल्या चौकटीचं काम सुरू झालं आणि कडीवरून वाद झाला. सुताराने विचारलं, कडी कुठच्या बाजूला? वहिनी म्हणाली, आमच्या. काकू म्हणाली, "माज्या बाजून." दोघी अगदी एका वेळी बोलल्या. सुतार शहाणा होता, त्याने दोन्ही बाजूंना कड्या मारल्या आणि विषय संपवला. मी इतकी वर्षं दारं काढते आहे. दार काढताना आम्ही पल्ल्याची एक रेघ आणि तो कुठे फिरतो त्याची कमान काढतो. कडी कुठल्या बाजूला ते कोणी काढत नाही. माझ्या ते तेव्हाही मनात आलं नाही.

मोजणीवाला पुन्हा येऊन गेला. मी नकाशात गॅलरीकडचं दार काढलं, मधलं दार काढलं, बाह्यरेषा दारातून आरपार नेऊन मिळवली आणि काकूच्या खोलीत रंग टाकला. रंग तिच्या चार भिंतींच्या आत थांबला. तिच्या खोलीला तिचा नंबर पडला, तिचं नाव लागलं. साहेब मागे उभे होते, म्हणाले, "झालं मनासारखं?" झालं होतं. त्या संध्याकाळी मी घरी जाताना सगळ्यांसाठी बटाटेवडे घेऊन गेले. सासूबाईंनीही खाल्ले.

काकू रोज सकाळी आपल्या उंबऱ्यावर चार ठिपक्यांची रांगोळी घालू लागली. दुपारी दारात पाट टाकून बसायची. पाणी पोटभर पिते, असं शेजारणीने मला मुद्दाम फोन करून सांगितलं. पण मधल्या दाराची कडी वहिनीने लावायला सुरुवात केली. आधी दुपारची, झोप मोडते म्हणून. मग संध्याकाळची, मालिका चालू असते म्हणून. मग एकदा लावलेली कडी काढायचं कारणच उरलं नाही. काकूने आपल्या बाजूची कडी कधी लावली नाही. ती बांगडे तळायची आणि ताटली घेऊन आपल्या दारातून बाहेर पडून, गॅलरीतून वळसा घालून, भावाच्या दारावर टकटक करायची. "कशाला त्रास घेतलात, काकू," असं म्हणत वहिनी दारातूनच ताटली घ्यायची. ताटली रिकामी परत यायची ती दुसऱ्या दिवशी, धुऊन, गॅलरीतल्या कठड्यावर ठेवलेली. वर्षानुवर्षं एका घरात वावरलेली बाई दोन हातांच्या अंतरावर पाहुणी झाली.

मी भावाला म्हटलं, ती कडी तेवढी काढून टाक. तो म्हणाला, "दार तूच बसवलंस ना? दार आहे तर कडी लागणारच."

मग चाळ खाली करायची वेळ आली. नवी इमारत होईपर्यंत जागेचं भाडं बिल्डर देतो, ज्याच्या त्याच्या खोलीप्रमाणे. भावाने कल्याणच्या पुढे घर बघितलं. सामान बांधायला मी गेले होते. काकूच्या खोलीत तिचं सगळं एका ट्रंकेत आणि दोन गोण्यांत मावलं होतं. मी भावाला विचारलं, टेम्पो कधी येतोय, काकूचं सामान आधी चढवू का. तो ओशाळला असं मला वाटलं, पण बोलायचा तो थांबला नाही.

"काकूचं भाडं वेगळं येतंय ना आता तिच्या नावावर," तो म्हणाला. "तिने तिचं बघावं. एकच खोली राहिली असती तर आपोआप आमच्याबरोबर आली असती. वेगळं कोणी केलं? तू केलंस."

त्याला एक थोबाडीत द्यावीशी वाटली आणि दिली नाही, याचा मला अजून पश्चात्ताप होतो. कारण तो लबाड होता आणि त्याचं म्हणणं मुद्द्याला धरून होतं, दोन्ही एकदम. काकू दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "भांडा नको. मी जातंय खय तरी."

खय तरी म्हणजे कुठे? या वयाच्या एकट्या बाईला मुंबईत भाड्याने खोली देतं कोण? दलाल तिचं वय विचारायचे आणि फोन करतो म्हणायचे. मी तिला गिरगावात आणलं. आमची दीड खोली, त्यात सासूबाईंची खाट, माझी मुलगी, नवरा. नवरा वाईट नाही, तो म्हणाला, काही दिवस राहू दे. काही दिवस हे शब्द भिंतीआड ऐकू जातात. काकू पुन्हा पाय न वाजवता चालायला लागली. एका सकाळी पाण्याचा तांब्या तिने जसाच्या तसा ठेवलेला मी बघितला आणि माझ्या लक्षात आलं. त्यानंतर तीच म्हणाली, मालवणजवळ माजो भाचो हा, त्याच्याकडे जातंय, टॉवर झालो की हाक मार. मी तिला अडवलं नाही. अडवून ठेवायचं कुठे?

भाच्याने तिला मागच्या पडवीत जागा दिली आहे. पडवीला दार नाही, पावसासाठी विणलेल्या झावळ्यांच्या झडपा आहेत. भाऊ सणासुदीला फोन करतो म्हणे. मी त्याच्याशी बोलत नाही. मला माणसांना माफ करता येतं असं मी पूर्वी समजत होते.

टॉवरचे नकाशे आमच्याच ऑफिसात चालू आहेत. घरांची सोडत झाली, त्यात भाऊ वरच्या मजल्यांत गेला आणि काकू खाली. तिच्या घराचा नकाशा मी दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. हॉल, छोटं स्वयंपाकघर, एक खोली, आत संडास. कोपरे मी स्वतः मिळवले. कधी कामाचा कंटाळा आला की तो मजला उघडते आणि रंग टाकून बघते. रंग थांबतो. काम किती झालं विचारलं तर साहेब हात वर करतात, परवानग्या अडकल्यात म्हणतात. चाळ पाडून झाली आहे आणि तिथे पत्रे ठोकलेत.

परवा दुपारी काकूचा फोन आला. तिकडे घरात रेंज नसते, ती रस्त्यापर्यंत चालत येते तेव्हा लागतो. धाप लागलेली ऐकू येत होती. मी नेमका तिचाच मजला उघडून बसले होते, तसं मी तिला सांगितलं.

"दार खय उघडता?" तिने विचारलं.

"लिफ्टसमोर, काकू. ऐसपैस आहे. चपला ठेवायला पण जागा आहे."

"कडी?"

"आतून. तुझ्या बाजूने."

"बरा झाला," ती म्हणाली. मला वाटलं, आता फोन ठेवणार.

"आणि मधला दार गो?" तिने विचारलं. "ता खयल्या भितीत काडलंस?"

मी स्क्रीनकडे बघितलं. चारी भिंती पक्क्या होत्या. शेजारच्या घरावर कोणा अनोळखी माणसाचं नाव होतं.

"काढते, काकू," मी म्हटलं.